चार बोटं कमी

कृष्णनाथ : काकी, उठा बघू. कदेल उलटं केल्याशिवाय पायांचं माप कसं घेऊ?

मालती : समोरच्या खुर्चीचं घे. जोडीच्याच आहेत.

कृष्णनाथ : तुमच्या लेकीने, ताराबायने, फोनवर याच कदेलाचं सांगितलंय. शुक्रवारी दूधवाल्या देवकीने उठवलं म्हणे तुम्हाला. किती वेळ अडकून होता?

मालती : अडकून कशाला? बसले होते. जेवण झाल्यापासून.

कृष्णनाथ : देवकी तिन्हीसांजेला येते, काकी.

मालती : तारा म्हणते, खुर्ची उंच करून घे, नाहीतर पुण्याला ये. तिच्याकडे सोफा आहे. त्यात बसलं की माणूस हरवतो.

कृष्णनाथ : मग खाली ठोकळे लावू. चार बोटं. फणसाचेच आणलेत.

मालती : तिरक्या पायांना ठोकळे? तुझ्या बापाला आवडलं असतं? चौसष्ट साली त्यानेच केल्या या, विठ्ठल मेस्ताने. गोवा मोकळा होऊन तीन वर्षं झालेली. खाणीवरचा परदेशी इंजिनिअर जाताना यांना एक मासिक देऊन गेला, त्यात हे चित्र. ना नक्षी, ना वाघाचे पंजे. मामंजी म्हणाले, शेळी पाय फाकवून उभी आहे.

कृष्णनाथ : मग सगळ्यांनाच शेळी हवी झाली. रेडिओच्या टेबलाला तिरके पाय, कपाटाला तिरके पाय. सर्वणच्या भिकाजीने तर देव्हाऱ्याला मागितले.

मालती : दिले?

कृष्णनाथ : दिले. देव अजून त्यावरच आहेत.

मालती : आणि खुर्च्या सगळ्या बुटक्या.

कृष्णनाथ : ती बाबाची चूक. चित्रात माप नव्हतं. कदेलाशेजारी साहेबाचा बूट होता, तो बाबाने अण्णांच्या वहाणेएवढा धरला आणि त्यावरून बाकीचं काढलं. साहेबाचं पाऊल केवढं असतं ते दुसरा साहेब आल्यावर कळलं. तोवर चाळीसेक कदेलं गेली होती.

मालती : म्हणजे अख्खी डिचोली यांच्या वहाणेच्या मापाने बसली.

कृष्णनाथ : बसली. उठताना बाबाला शिव्या घातल्या.

मालती : मी नाही घातल्या. हे समोर बसायचे. दिवा लावायची वेळ झाली की आधी हे उठायचे आणि हात पुढे करायचे. अडतीस वर्षं. एरवी आमचं फारसं बोलणं नसायचं.

कृष्णनाथ : काकी, बाबा चूक दुरुस्त करायला आला होता. तुम्ही म्हापशाला बाजाराला गेला होता. फुकट उंच करून देतो म्हणाला.

मालती : मग केली का नाही?

कृष्णनाथ : अण्णांनी नको म्हटलं. म्हणाले, हिला उठताना माझा हात लागतो. तेवढा लागू दे.



मालती : मला कधी बोलले नाहीत.

कृष्णनाथ : ठोकळे परत नेऊ?

मालती : नको. मला पुण्याला जायचं नाही. माझ्या खुर्चीला लाव. त्यांची आहे तशी राहू दे.

कृष्णनाथ : मग उठा. हात देऊ?

मालती : दे. पण सावकाश. ते कधी घाई करत नसत.