एक पट्टा, चार फोटो

मी, जेन्सन पास्कल डाबरे, वय ४३ वर्षे, धंदा गोदामांवर पत्रे बसवणे, राहणार सांडोर, वसई, पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगतो की,

मयत गॉडफ्रे लोपीस व मी अकरा वर्षे जोडीने काम करत होतो. काल दि. १८/०३/२०२५ रोजी सकाळी ९ वाजता आम्ही चौघे कामण येथील गोदामाचे जुने पत्रे बदलण्यास गेलो. छप्पर साधारण तीस फूट उंच आहे.

चढण्याआधी सुपरवायझर संकेत याने रोजच्याप्रमाणे कंपनीच्या ग्रुपवर टाकायला प्रत्येकाचा सेफ्टी बेल्ट घातलेला फोटो काढला. बेल्ट, म्हणजे आम्ही म्हणतो तो पट्टा, एकच होता. फोटो झाला की काढून पुढच्याला द्यायचा. तोही कंपनीचा नाही, गॉडफ्रेने स्वतः आणलेला. पट्ट्याच्या खांद्याला गॉडफ्रेची बायको फेलिशिया हिने निळ्या छत्रीच्या कापडाचे ठिगळ लावले आहे. साहेब, चारही फोटो बघा. चौघांच्या बायकांनी काय एकच छत्री फाडली?

आमच्यात रीत अशी की, कडेला काम करील त्याने पट्टा घालायचा. काल कडेला मी होतो. गॉडफ्रेचा फोटो शेवटचा झाला. त्याने पट्टा काढून स्वतःच्या हाताने माझ्या अंगावर आवळला. म्हणाला, "घाल रे, मी मधी हाय. मधून कोन पडतो?"

सुमारे ११.२० वाजता तो पाना घ्यायला मधून चालत गेला. तिथे उजेडासाठी बसवलेला प्लास्टिकचा पत्रा होता. वर्षानुवर्षांच्या धुळीने तो बाकीच्या पत्र्यांसारखाच दिसत होता. कडकन आवाज आला. मी वळलो तर तिथे भोक होते. पट्ट्याचा हूक सोडायला वेळ गेला. खाली पोचलो तेव्हा तो गेला होता.

दवाखान्यात संकेत मला बाजूला घेऊन म्हणाला, "फोटो आहे ना? म्हणजे पट्टा होता. त्यानेच काढून ठेवला असं सांग, विषय संपला." कसला संपला? उद्या फेलिशियाला हेच ऐकवणार, तुझा नवराच बेपर्वा. अकरा वर्षांत तो तसा वागलेला मी पाहिला नाही. पट्टा मी येथे हजर केला आहे. तो तिच्या हातात द्यायला मला तोंड नाही.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात "मयताने पट्टा काढून ठेवला" असे लिहिले होते. ते खोडून "काढून मला दिला" असे मी करून घेतले. बाकी मी सांगितले तसेच आहे.