कानातला सेल

सून: बाबा! अहो बाबा! बेल दाबून दाबून बोट दुखायला लागलं. शेवटी पर्सच्या तळातून किल्ली शोधून काढली.

सासरे: पाठीला वारा लागला. दार उघडलं वाटतं. कोण, सूनबाई का?

सून: मग दुसरं कोण असणार?

सासरे: सूनबाई असशील तर समोर ये. चोर असशील तर कपाट तुझ्या डाव्या हाताला आहे, काय न्यायचं ते ने, पण आधी दार लाव. वाळवी रांगत बाहेर जाईल.

सून: वाळवी नका म्हणू हो माझ्या मुलीला. हं, बसले समोर.

सासरे: तिथे नको. पोरीच्या मागे बस, अगदी डोक्यामागे. म्हणजे ही आणि तुझे ओठ, दोन्ही चष्म्याच्या एकाच काचेत दिसतात. हां, आता बोल. आणि वाळवी का म्हणू नको? वर्षाची नाही झाली, अख्खं घर कुरतडलंय.

सून: ओठ कशाला बघताय? बाबा, तुमचं कानातलं मशीन कुठाय?

सासरे: कपाटावर, डब्यात.

सून: थांबा, बघते. अहो, मशीन आहे, पण झाकण उघडं आहे. आतला सेल कुठाय? बाबा!

सासरे: तू उठलीस की मला काही कळत नाही. परत जागेवर बस.

सून: सेल! यातला सेल! गोळीएवढा असतो तो. हिनं गिळला तर आतून जाळत जातो. आ कर बाळा. आ कर म्हणते ना! हिच्या तोंडात काहीतरी आहे!

सासरे: रुमालाचं टोक आहे, मीच दिलंय चावायला. तिला रडवू नकोस. सेल घरात नाहीच. समोरच्या नर्सबाईंकडे ठेवायला दिलाय.

सून: घरात नाही?

सासरे: या घरात ही पोचत नाही अशी एक जागा दाखव मला. सकाळी तू गेलीस, हिला कडेवर घेतलं, तर कानातून मशीन उपटून थेट तोंडात. झाकण तोंडातच उघडलं. गालातून काढलं सगळं, आणि हिला उचलून तसाच नर्सबाईंच्या दारात. त्यांनी घसा बघितला, सेल बघितला. म्हणाल्या, सगळं बाहेर आहे, काही गेलेलं नाही. म्हटलं, मग हा तुमच्याकडेच ठेवा.

सून: आणि मला फोन नाही केलात?

सासरे: फोन करून ऐकणार कशानं?

सून: म्हणजे दिवसभर काहीही ऐकू येत नसताना तुम्ही एकटे हिच्यापाशी होतात? मी तिकडे लोकांच्या वॉशिंग मशीनच्या तक्रारी ऐकतेय, कान किटले माझे, आणि इथे हिच्या घशात काही अडकलं असतं तर? ही ओरडली असती तर कळलं असतं तुम्हाला?

सासरे: अडकल्यावर मूल ओरडत नाही.

सून: काय?

सासरे: मीही नर्सबाईंना हेच विचारलं. मला ऐकू आलं नाही तर? त्या म्हणाल्या, काका, घसा पुरता बंद झाला की रडणं नाही, खोकणं नाही. मूल गप्प होतं. तिथे कान काय कामाचा? डोळाच पाहिजे. मग ठरवून टाकलं. बस चालवताना मागे कुणी भांडो, कुणी ओको, ड्रायव्हरनं मान वळवायची नाही. रस्ता बघायचा. आज ही माझा रस्ता.

सून: काय काय घातलं हिनं तोंडात?

सासरे: काय घातलं नाही ते विचार. पायपुसणं, झाडूची काडी, टेबलाचा पाय, माझ्या चष्म्याची दांडी. एक मुंगी.

सून: मुंगी?

सासरे: जिवंत होती. दोघींचं पटलं नाही.

सून: हसवू नका, हसायचंही त्राण नाही माझ्यात. बाबा, ताट झाकलेलंच आहे. चहावर साय धरलीय. तुम्ही जेवला नाहीत?

सासरे: जेवताना ताटात बघावं लागतं.

सून: दुपारी झोपली असेल ना ही?

सासरे: झोपली की. पण झोपेत पांघरुणाचं टोक चघळत होती.

सून: पाणी तरी?

सासरे: पाणी प्यायलं की उठावं लागतं.

सून: म्हणजे सकाळपासून तुम्ही बाथरूमलासुद्धा...

सासरे: एकदा गेलो, हिला घेऊन. हिनं साबण चाटला. मग नाही गेलो.

सून: अहो, काय हे! नाही बाबा, हे असं नाही चालणार. आज पहिलाच दिवस होता, उद्यापासून येणार की नाही, ते ऑफिसातल्या मॅडमना आजच कळवायचंय. नाही म्हणून सांगते. सोडून देते नोकरी.

सासरे: का? पोर धड आहे ना?

सून: पोर धड आहे. तुमचं काय? रोज असे बसलात तर आजारी पडाल.

सासरे: हिच्या जन्मापासून घरात बसून तुझं काय झालं होतं, ते बघितलंय मी. कान गेलेत माझे, डोळे नाहीत. जेवताना घास हातात धरून भिंतीकडे बघत बसायचीस. आज कान किटले म्हणून कुरकुरत आलीस. बरं वाटलं मला.

सून: असं बोलू नका. मी आधीच दमलेय, रडू येईल.

सासरे: लांबच्या गाडीला दोन ड्रायव्हर देतात. एकट्यानं ओढली की डुलकी लागते. अर्धा दिवस माग.

सून: आणि नाही दिला तर?

सासरे: तर तक्रार नोंदव. तेच तर काम आहे तुझं.

सून: बरं बाई. अर्धा दिवस. विचारते, देतील बहुतेक. पण दुपारी मी आले की तुम्ही जेवून झोपायचं, कबूल? मग उठा आता. मी बघते हिच्याकडे.

सासरे: तुझा फोन कुठाय? हिच्या तोंडात जायला नको.

सून: पर्समध्ये.

सासरे: पर्स?

सून: कपाटावर ठेवलीय. उठा ना!

सासरे: उठतो. अगं, हात नको देऊस, मी भिंत धरतो. तू हिच्यासमोर ये. हां, अशी.

(सासरे भिंतीच्या आधारानं उठतात. सून आता मुलीकडे तोंड करून, त्यांना पाठमोरी बसली आहे.)

सून: आज फोन वाजला की वाटायचं, घरचाच असणार. दिवसभर काहीतरी वाईट घडायची वाट बघत होते मी. तुमच्यावर जराही भरवसा नव्हता माझा, बाबा. आणि इतकं कुणीच बघितलं नसेल हिच्याकडे. मीसुद्धा नाही.

सासरे: काही म्हणालीस का? खांदे हलताना दिसले. नको, वळू नकोस. तिकडेच बघ.