सायन्सच्या बाईंची बॅटरी

नाझिया : बाई, पण ही तर ट्रकची बॅटरी आहे.

मोहिनीबाई : माहीत आहे.

नाझिया : हिच्यावर तुम्ही पंखा, दिवे, फ्रीज चालवलात?

मोहिनीबाई : आणि इंडक्शनची शेगडी. हसायचं असेल तर हस, नाझिया. बत्तीस वर्षं मी शाळेत विद्युतधारेचा धडा शिकवला. तुझ्या वर्गालाही शिकवला असेल.

नाझिया : शिकवला ना, नववी ब. अब्बांचे गुडघे गेल्यापासून हे बॅटरीचं दुकान मीच बघते. पण आमच्याकडे कांद्याचे टेम्पोवाले येतात, कोल्ड स्टोरेजवाले येतात. आत पलंग असलेली गाडी पिंपळगावात पहिल्यांदाच बघितली.

मोहिनीबाई : जुनी ट्रॅव्हलर आहे. रिटायर झाल्यावर सीटा काढून पलंग, ओटा, कपाट बसवून घेतलं. वायरिंगचं सर्किट मी स्वतः काढलं, तीन रंगांच्या पेनांनी. वायरमन म्हणाला, मॅडम, आतल्या वापराला डीप सायकल बॅटरी लागते, ही नको. ह्यांनी नेटवरून तेच वाचून चार पानं प्रिंट काढली आणि माझ्या उशाशी ठेवली. मी म्हटलं, शिसं तेच, आम्ल तेच, बारा व्होल्ट ते बाराच. तुम्ही बँकेतले, तुम्ही यात पडू नका.

नाझिया : काका काय म्हणाले?

मोहिनीबाई : पानांची घडी करून खिशात ठेवली.

नाझिया : बाई, ट्रकच्या बॅटरीचं काम घडीभराचं असतं. पातळ प्लेटी, एकदम जोर लावायचा, इंजिन सुरू झालं की ते तिला लगेच भरून काढतं. तिला रोज तळापर्यंत रिकामी केली की ती आतून मरते. डीप सायकलच्या प्लेटी जाड. तिला तासन्‌तास थोडं थोडं द्यायची सवय असते.

मोहिनीबाई : इतकं सोपं करून मी कधी शिकवलं नाही. मी सूत्र लिहून द्यायचे.

नाझिया : सूत्र अजून पाठ आहे. मग ही बॅटरी बंद कुठे पडली?

मोहिनीबाई : सुरगाण्याच्या पुढे, डोंगरात. डिसेंबरात गेलो होतो, पहिलीच सहल. काळू म्हणून एक शेतकरी आहेत, त्यांना विचारून त्यांच्या खळ्याशेजारी गाडी लावली. छान मोठा आंबा होता, त्याच्या सावलीत.

नाझिया : टपावर तर सोलर पॅनल दिसतंय.

मोहिनीबाई : आहे ना. पॅनल टपावर आणि टप आंब्याखाली. सूर्यप्रकाशावरचा धडा सातवीला असतो, तोही मीच शिकवायचे.

नाझिया : अल्ला.

मोहिनीबाई : दोन दिवस मी राणीसारखी राहिले. ह्यांना डायबेटिस आहे, इन्सुलिन घ्यावं लागतं, म्हणून फ्रीज अखंड चालू. त्या फ्रीजसाठीच तर सगळा थाट केला होता. नंतर डॉक्टर म्हणाले, वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन थंडीच्या दिवसांत काही आठवडे नुसतं सावलीत ठेवलं असतं तरी चाललं असतं. मी त्यांना आधी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या संध्याकाळी दिवे पिवळे पडले. हे म्हणाले, मोहिनी, दिवे मंद वाटतात. मी म्हटलं, तुमचे डोळे तपासून घ्या.

नाझिया : मग?

मोहिनीबाई : तिसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी इन्सुलिन घेतलं. ते घेतलं की थोड्या वेळात खावंच लागतं. मी पोहे भिजवले, शेगडी लावली आणि गाडीतलं सगळंच गेलं. म्हटलं, इंजिन सुरू करून चार्ज करू. किल्ली फिरवली तर आवाजसुद्धा नाही. इंजिनाची बॅटरी आणि ही, दोन्ही मी एकत्र जोडल्या होत्या ना.

नाझिया : मध्ये आयसोलेटर नाही बसवला? इंजिन बंद झालं की दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या करतो तो?

मोहिनीबाई : त्याची गरज नाही, असं माझं मत होतं.

नाझिया : बरं.

मोहिनीबाई : मग मी मीटर घेऊन बॅटरीसमोर मांडी घातली. प्रत्येक जोड तपासत होते आणि वर्गात बोलावं तशी मोठ्यानं बोलत होते. हे दोनदा दारात येऊन उभे राहिले. दोन्ही वेळा मी मागे न बघता हात वर केला, थांबा म्हणून. तिसऱ्यांदा आले नाहीत, ते माझ्या लक्षातच आलं नाही. पाऊण तासानं काळू धावत आले. म्हणाले, तुमचा माणूस खाली रस्त्याला बसलाय, बोलत नाय.

नाझिया : साखर उतरली.

मोहिनीबाई : गाडीला धक्का द्यायला कोणाची जीप मिळते का बघायला उपाशीपोटी डोंगर उतरून गेले होते. मी पोचले तेव्हा ऐन थंडीत शर्ट घामानं भिजलेला होता. काळूंच्या बायकोनं, अक्काबाईंनी, त्यांना गुळाचं पाणी पाजलं होतं. आता नागलीची भाकरी मोडून एकेक घास देत होत्या. आणि मी काय केलं असेल? ओरडायला लागले. सांगितलं का नाही, पोह्यांवाचून अडलं होतं का, डब्यात बिस्किटं नव्हती का. अक्काबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. म्हणाल्या, "आधी खाऊ दे त्याला, मंग बोल."

नाझिया : काका काही बोलले?

मोहिनीबाई : भाकरी संपल्यावर बोलले. "तू बॅटरीशी बोलत होतीस. मध्ये कशाला बोलायचं?" रागानं नाही गं.

नाझिया : पाणी घ्या, बाई.

मोहिनीबाई : जीपच्या धक्क्यानं कसेबसे घरी आलो आणि मी गाडी विकायला काढली. गॅरेजवाल्यानं इंजिनाला नवी बॅटरी बसवून दिली, ही तशीच पडून होती. ह्यांना म्हटलं, मला प्रवासाचा कंटाळा आला. परवा एक गिऱ्हाईक येणार होतं, आलंच नाही. काल कळलं, ह्यांनी परस्पर त्याला नको म्हणून फोन केला होता. आणि पिंपळगावात चांगलं दुकान आहे असं ऐकलंय, जाऊ या का, असं मलाच विचारत होते. दुकान तुझं निघेल हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

नाझिया : मग सुरुवात करू. इंडक्शन विसरा. ती शेगडी कितीही चांगली बॅटरी पिऊन टाकते. छोटा गॅस ठेवा.

मोहिनीबाई : एवढंच?

नाझिया : पोह्यांना एवढंच पुरतं. आता बॅटरी. घरच्या इन्व्हर्टरला आम्ही पाण्याची उंच ट्युब्युलर बॅटरी देतो, पण ती घाटात हिंदकळते, पाणी घालत राहावं लागतं आणि चार्ज होताना तिच्यातून गॅस निघतो. तुम्ही तर बाजूला झोपणार. सीलबंद डीप सायकल घ्या. अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही. मीटरवर बारा पॉइंट दोन दिसलं की पुरे म्हणायचं.

मोहिनीबाई : आणि लिथियम?

नाझिया : हलकी असते, जास्त खाली उतरवली तरी चालते. पण महाग, आणि चार्जर तिचाच वेगळा लागतो. वर्षात चार सहली असतील तर सीलबंदच बरी. सहलीहून आलात की त्याच दिवशी पूर्ण चार्ज करा. रिकामी ठेवलेली बॅटरी बसल्या बसल्या खराब होते. गाडी उभी असेल तेव्हा महिन्यातून एकदा चार्जिंग करा, टर्मिनल पुसा. आयसोलेटर मी बसवून देते. फक्त किती मोठी घ्यायची ते तुमच्या वापरावर आहे.

मोहिनीबाई : यादी आणली आहे. पंखा, फ्रीज, चार दिवे, फोन. प्रत्येकाचे अँपिअर लिहिलेत.

नाझिया : अँपिअर बरोबर आहेत. तास कुठे आहेत?

मोहिनीबाई : तास?

नाझिया : रात्री पंखा किती तास चालतो?

मोहिनीबाई : मी झोपताना बंद करते.

नाझिया : आणि काका?

मोहिनीबाई : ते... मला माहीत नाही गं.

नाझिया : फोन लावून विचारता?

मोहिनीबाई : बाहेर गाडीतच बसलेत. आत चला म्हटलं तर म्हणाले, तू बघ, तुला त्यातलं कळतं. थांब, बोलावते. अहो! जरा आत येता का?

(सदानंद आत येतात. नाझिया खुर्ची पुढे सरकवते.)

नाझिया : काका, रात्री पंखा किती तास लागतो?

सदानंद : हिला झोप लागली की मी परत लावतो. पहाटेपर्यंत. साधारण सहा तास.

नाझिया : डिसेंबरात?

सदानंद : मला गुदमरतं. हिला थंडी वाजते. म्हणून पंखा माझ्याकडे वळवून ठेवतो.

नाझिया : सहा तास लिहिते. दिवे?

सदानंद : पायाशी एक लहान दिवा रात्रभर लागेल. मला दोनदा उठावं लागतं, अंधारात ठेचकाळतो. आणि एक रेडिओ. तो यादीत नसेल.

नाझिया : नाही.

सदानंद : तास-दीड तास, सकाळी. ही उठायच्या आधी.

नाझिया : बाई, यात तुम्हाला काही सांगायचंय?

मोहिनीबाई : नाही. तू लिही. मी ऐकते आहे.