माझ्या डावीकडचा

दोष हेडमास्तरांचा, दुसऱ्या कुणाचा नाही — बसा काका, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डगमगतो, इकडे बसा — चांगली चाललेली प्रार्थनेची घरसंगती सोडून टायरच्या दुकानावरच्या या खोलीत दुसरी का काढली विचारलंत ना, तर हेडमास्तरांमुळे. रिटायर झालेला माणूस, आमच्या चर्चच्या पंचांपैकी एक, आयुष्यभर पोरांना खोटं बोललात म्हणून छड्या मारल्या, आणि स्वतः मांडीवर बायबल ठेवून पाळकांना, म्हणजे आमच्या पाद्रीसाहेबांना, थाप मारली. तुम्ही लवकर आलात, बाकीचे येईपर्यंत सांगतो.

रविवारी चर्चमध्ये काय होतं? गाणी, उपदेश, मग बाहेर उभं राहून हात मिळवायचे. मी कॉलेज अर्धवट सोडलं तेव्हा जो तो माझा हात धरून विचारायचा, पुढे काय ठरवलंस? आणि उत्तर द्यायला तोंड उघडेपर्यंत नजर पुढच्या माणसाकडे. तुमच्या वयाच्या लोकांचं हेच, रागावू नका. पाळकांना ते दिसत होतं — माणूस बरा आहे, उपदेश लांबवतो एवढंच — म्हणून त्यांनी बुधवारच्या घरसंगती सुरू केल्या. शिष्य बाकावर बसून होत नाही, म्हणाले, एकमेकांच्या घरात घुसून होतो. आम्ही हेडमास्तरांच्या हॉलमध्ये जमायचो. एक अध्याय वाचायचा, त्यावर भांडायचं, मग कुणाचं काय अडलंय ते बघायचं. नर्सताईंचं लोखंडी कपाट आम्हीच जिन्याने चढवलं. ड्रायव्हरकाकांच्या आईजवळ हॉस्पिटलात पाळीपाळीने बसलो — म्हातारी खवट, मला म्हणाली, तुला उशी धड लावता येत नाही, कॉलेजात काय दिवे लावले असशील. पण ती निदान उत्तराची वाट बघत होती.

आणि शेवटी एक रीत. गोल बसायचं आणि प्रत्येकाने आपल्या डावीकडच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करायची. बाबा माझ्या उजवीकडे बसायचे. कॉलेज सुटल्यापासून घरात ते माझ्याशी बोलत नाहीत — मीठ माझ्या हातात असलं तरी मागतात आईकडे. पण बुधवारी सुटका नाही. 'प्रभू, माझ्या डावीकडच्याला सद्बुद्धी दे.' सुरुवातीला एवढंच, घशात काटा अडकल्यासारखं. मग काही आठवड्यांनी, 'माझ्या डावीकडच्याला हेल्मेट घालायची सद्बुद्धी दे.' मग एकदा, 'त्याचा खोकला जाऊ दे, औषध कपाटात वरच्या कप्प्यात आहे हे त्याला समजू दे.' — हसताय काय, चक्क देवाला कप्पा सांगत होते. मी घरी जाऊन घेतलं औषध. हेल्मेटही घालतो. बुधवार मी एकही चुकवला नाही काका, तापातसुद्धा.

तर पाळकांचा नियम असा की हॉलमध्ये माणसं मावेनाशी झाली की एका संगतीच्या दोन करायच्या, नाहीतर नवा माणूस दारातूनच परत जातो. बरोबर आहे ना? पण आमच्या थोरांना जमलेली बैठक मोडायची नव्हती. रविवारी भाषण — माणसं आणा. बुधवारी कुजबूज — सध्या नको. तरी नर्सताईंनी हॉस्पिटलातला आपला अर्धा वॉर्ड आणला, त्यांना कोण अडवणार? मग पाळक बघायला येणार कळल्यावर हेडमास्तरांनी काय केलं? वॉर्डवाले स्वयंपाकघरात कोंबले. ड्रायव्हरकाका सहकुटुंब बेडरूममध्ये, दिवा बंद. हॉलमध्ये आम्ही मोजके, ऐसपैस, माशा मारत. पाळक म्हणाले, वाढ दिसत नाही. हेडमास्तर म्हणाले, पेरणी चालू आहे. — पेरणी! — प्रार्थना झाली आणि बेडरूममधून हे एवढं दणदणीत 'आमेन'. ड्रायव्हरकाकांना हॉर्नची गरज नाही. पाळकांनी एक डोळा उघडला. हेडमास्तर म्हणाले, रेडिओ चालू राहिला वाटतं. मला राहवलं नाही. म्हटलं, रेडिओला बायको आहे, तीन पोरं आहेत, दार उघडा, गुदमरतील. आणि बाबा हसले. माझ्या बोलण्यावर.

पाळक तर हसून हसून खुर्चीतून घसरले. मग डोळे पुसून म्हणाले, दोन करा, आणि दुसरी हा चालवेल, याला थाप मारता येत नाही. हेडमास्तर म्हणाले, अहो, पण याचं शिक्षण... पाळक म्हणाले, येशूच्या मासे धरणाऱ्या शिष्यांचं कुठे झालं होतं? याच्याबरोबर कोण जातंय, हात वर करा. नर्सताईंचा हात, अख्ख्या वॉर्डाचे हात, ड्रायव्हरकाकांचे दोन्ही. बाबा चष्मा पुसत बसले. बराच वेळ पुसला, स्वच्छच होता.

नाही, बाबांना येता का म्हणून विचारलं नाही. विचारणार कसा, बोलतो कुठे आम्ही? सोडा. इथे धमाल असते, बघालच, आम्ही गायला लागलो की खालून मालक काठीने छत ठोकतो, आणि आम्ही ताल धरतो. — आले, जिन्यात ड्रायव्हरकाकाच ते. उठा, दार उघडा, माझ्याकडे असं बघू नका. बाबा आठवड्यातून एकदा माझ्याबद्दल बोलायचे. आता तेही नाही.