एक रोजची, एक सर्दीची आणि एक ह्यांचं

नाही, दूध उतू गेलं याचं मला काही नाही हो! दूध काय, आमच्याकडे सारखं उतू जातं, कारण मी गॅसपाशी उभी राहिले की मागे कुठंतरी भांडं पडतं, मी दचकते, वळून बघते, आणि तेवढ्यात ते मेलं दूध… जाऊ दे. पण तुम्हाला सांगते, दूध उतू गेलं, शेगडीभर पसरलं, जळका वास घरभर सुटला, बाई समोरच दारात पाटावर बसून ते सगळं बघत होत्या… आणि ओरडल्या नाहीत!

आता तुम्ही म्हणाल, सासू ओरडली नाही म्हणून कुणी तक्रार करतं का? बाई म्हणजे माझ्या सासूबाई, राजकुंवरबाई. आमच्या मारवाडी घरांत आईला बाईच म्हणतात, सुनाही तेच म्हणतात. आणि दूध उतू गेलं की बाईंचं एक वाक्य ठरलेलं, मी लग्न होऊन धरणगावला आले त्या आठवड्यापासून ऐकतेय, "प्रियल! दूध माणसांनी प्यायचं असतं गं, शेगडीला अंघोळ घालायला नसतं!" मी तर फडकं हातात घेऊन, खांदे आखडून वाट बघत उभी राहिले. येईल, आता येईल. काही नाही! शेवटी मीच म्हटलं, "बाई, दूध उतू गेलं." तर म्हणाल्या, "हं."

हं? हं म्हणजे काय?

"बाई, बरं वाटत नाही का?"

"झोप येतेय गं. तू नको घाबरू. साधी सर्दीच तर आहे!"

हे वाक्य! त्या आठवड्यात आमच्या घरात णमोकार मंत्राखालोखाल कुठलं वाक्य म्हटलं गेलं असेल तर हे. पर्युषण चाललेलं, बाहेर नुसती झिमझिम, स्थानकात, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये, एक खोकला की मागून चार खोकतात. मी म्हणायची, डॉक्टरांना दाखवू या. आमचे हे, अमन, म्हणायचे, "तू ना, कुकरची शिट्टी झाली तरी पोलिसांना बोलावशील! साधी सर्दीच तर आहे!" नणंद पलक म्हणायची, "वहिनी, बाई ठणठणीत आहेत, तूच पांढरी पडलीयेस." खरं आहे, आहेच मी घाबरट. बाई मला सशाची पोर म्हणायच्या. बी.कॉम. झालेली सशाची पोर! पण तुम्हीच सांगा, घरात एक तरी घाबरट माणूस नको का?

आणि औषधांचं म्हणाल तर बाईंचा हिशेबच निराळा. घराला लागूनच जिनिंग, कापसाचा कण नाकात गेला की सटासट शिंका, म्हणून ॲलर्जीची एक गोळी कित्येक वर्षं रोज संध्याकाळी. ती "रोजची". मग सर्दी झाली म्हणून नवीनभाईंच्या मेडिकलमधून पट्टी आणली, सकाळी एक, रात्री एक. ती "सर्दीची". आणलेली मीच, बाई सोबत होत्या. नवीनभाईंनी विचारलं सुद्धा हो! काउंटरवर वाकून, चष्मा वर करून, "मासी, दुसरं काही औषध चालू आहे का?" बाई म्हणाल्या, "काही नाही बेटा." मी म्हटलं, "बाई, ती ॲलर्जीची…" तर मलाच डोळे वटारले, "ती रोजची आहे! ती काय औषध आहे?"

आणि तिसरी ती बाटली. सासरे, निर्मलकुमारजी, गेल्या वर्षी गेले. शेवटी शेवटी खोकल्यानं त्यांना रात्र रात्र बसवून ठेवलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी कडक औषध दिलं होतं, झोप लागावी म्हणून. अर्धी बाटली उरली. माणूस गेलं, बाटली उरली. कपडे वाटले, चपला दिल्या, पण ती बाटली फडताळात त्यांच्या चष्म्याशेजारी तशीच. मी एकदा म्हटलं, टाकून देऊ या? बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पप्पाजींनाच घराबाहेर काढायला निघाले होते. आणि आता खोकला झाल्यावर त्यातलंच झाकणभर घ्यायच्या. झाकणभर! माप कुठलं, बाटलीचं झाकण हेच माप. मी म्हटलं, "बाई, नवीनभाईंना हे पण सांगायला हवं होतं." तर हळूच म्हणाल्या, "हे औषध थोडंच आहे? हे ह्यांचं आहे."



म्हणजे रोजची ती औषध नाही, ह्यांचं ते औषध नाही, आणि सर्दीची म्हणाल तर साधी सर्दीच तर आहे!

पण तुम्हाला सांगते, खरा घोटाळा सूर्याचा! बाईंचा चौविहार. सूर्य मावळला की तोंडात काही नाही, अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, गोळी तर नाहीच. मग रात्रीची गोळी घ्यायची कधी? संध्याकाळी! रोजची कधी? तेव्हाच! झाकणभर ते? तेव्हाच! त्या दिवशी तर सकाळची गोळी राहून गेली होती, प्रवचनाला उशीर होत होता म्हणून. तीही संध्याकाळी! आणि त्यात स्थानकात जायचं होतं, संध्याकाळच्या प्रतिक्रमणाच्या पाठात खोकला आला की महासतीजी, म्हणजे आमच्या साध्वी, थांबतात, सगळ्या बायका वळून बघतात, म्हणून ह्यांच्यातलं आणखी एक झाकण. मी हात धरला हो त्यांचा, खरंच धरला. म्हटलं, "बाई, सगळं एकदम?"

तर म्हणाल्या, "पोटात गेल्यावर गोळी काय घड्याळ बघते का?"

आणि हसल्या. आणि वर, आमच्यात संवत्सरीला सगळ्यांची माफी मागतात ना, तर म्हणाल्या, "भांडायचं असेल तर उद्याच्या आत भांडून घे बाई, परवा संवत्सरी. माफी मागायला काहीतरी नको का शिल्लक?"

त्यानंतर दूध. त्यानंतर ते "हं".

स्थानकात काही गेल्या नाहीत. आयुष्यात कधी पर्युषणातलं प्रतिक्रमण न चुकवलेली बाई म्हणते, जरा पडते! मी शेगडी पुसली आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तिन्ही औषधं घेऊन ओट्यापाशी बसले. मला सवय आहे, मी बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू पण वाचते. रोजच्या पट्टीचं नाव नवीनभाईंच्या कात्रीत गेलेलं, पण मागे बारीक अक्षरं होती. मोबाइलचा उजेड पाडला. क्लोरफेनिरामिन. बरं. सर्दीची पट्टी उलटी केली. त्यात तापाचं एक, चोंदलेल्या नाकाचं एक, आणि… क्लोरफेनिरामिन. बाटली घेतली, लेबल चिकट झालेलं, ओल्या बोटानं पुसलं. कोडीन, आणि त्याच्याखाली… तेच! तीन नावं, तीन रंग, आत एकच माणूस लपून बसलेला! आणि खाली लिहिलेलं, झोप येते, इतर औषधांबरोबर घेऊ नका.

मी बाईंच्या खोलीत धावले. "बाई!" नाही. "बाई ओ!" घोरत होत्या, पण ते घोरणं कसं, मध्येच थांबायचं… थांबायचं… आणि मग पुन्हा. हलवलं तर मान एका बाजूला.

फोन लावला अमनला. तर फोन वाजला देवघरात! विसरलेच होते. पर्युषणात मोबाइलचा त्याग! सकाळी अमन आणि पलक गाडी घेऊन शिंदखेड्याला दर्शनाला गेले होते, आणि जाताना दोघांचे फोन पितळी डब्यात ठेवून. मी पलकला लावला. डबा वाजला. पुन्हा अमनला. डबा! रिकाम्या घरात मी डब्याला फोन करतेय आणि डबा भजन वाजवतोय! शिंदखेड्यातल्या कुणाचा नंबर माझ्याकडे असेल तर शपथ. त्याग मी एकटीनंच केला नव्हता, का, तर मला भीती वाटते. बघा, भित्रेपणा कसा उपयोगी पडतो, फोन आहे आणि उचलायला कुणी नाही!

ओरडत बाहेर गेले. शेजारच्या इंदिराबाई दारात कंदमुळं निवडत… नाही, कंदमुळं कुठली, शेंगा निवडत होत्या, मला आता काय आठवतंय! म्हणाल्या, "काय व्हयनं व? कसाले इतली बोंबलस? साधी सर्दी शे, झोपू दे ना तिले!" मी त्यांचा हात धरून ओढत आणलं. त्यांनी बाईंच्या नाकाखाली बोट धरलं. आणि तुम्हाला सांगते, त्या बाईचा चेहरा मी कधी विसरणार नाही. "ओ माय व! हितेंद्र! गाडी काढ रे, बेगी!"

हितेंद्र त्यांचा मुलगा, त्याचा कापूस भरायचा पिकअप. मागे गादी टाकली, बाईंचं डोकं माझ्या मांडीवर, वर ताडपत्री, आणि जळगावचा तो रस्ता. मी आपली सारखी बोलतेय. "बाई, दूध उतू गेलं! बाई, शेगडीचा बर्नर बंद पडलाय! बाई, मी काल पाणी न गाळताच भरलं!" न गाळता भरलं नव्हतं हो, खोटं बोलले, पण त्याच्यावर तर त्या मेल्या असत्या तरी उठून ओरडल्या… 

ओरडल्या नाहीत.

दवाखान्यात आत नेलं. मी पदरात बांधून आणलेल्या दोन पट्ट्या आणि बाटली डॉक्टरांच्या हातात दिली. तरुणच होते, माझ्याएवढे असतील. बघून म्हणाले, "तिन्हीत झोप आणणारं औषध एकच आहे, वर हे कोडीन. या वयात श्वासच मंदावतो. एकदम कशाला दिलंत सगळं?" काय सांगू? सूर्य मावळत होता म्हणून?

मग बाकावर बसले. मग ते पुन्हा बाहेर आले, आणि हळू चालत आले. घाईत आले असते तर मला भीती वाटली असती. ते हळू आले, तेव्हा भीती संपलीच. "खूप उशीर झाला होता," म्हणाले.

परवा संवत्सरी. मी कुणाची माफी मागू?

इंदिराबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि मी फोन लावत होते. अमनला. पलकला. अमनला. तिकडे धरणगावला, अंधाऱ्या घरात, शेगडीवर दुधाचा डाग, फडताळात पप्पाजींचा चष्मा एकटा, आणि डबा भजन म्हणतोय. पुन्हा. पुन्हा. माझं नाक वाहतंय, घसा बसलाय, रडून रडून शब्द फुटेना, आणि मी मनात वाक्य जुळवतेय, अमन, ऐका, बाई… अमन, बाई आपल्या… कसं सांगतात हो हे? कुठल्या कॉलेजात शिकवतात?

आणि अचानक, तुम्हाला सांगते, भजन थांबलं. डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आला. मी दचकले.

"हॅलो? अगं, आत्ताच आलो आम्ही, डबा कधीचा वाजतोय! त्याग मोडायला लावलास बघ! कुठं आहात तुम्ही दोघी?"

मी म्हटलं, "अमन…" आणि पुढं घशातून नुसता घोगरा आवाज.

"हे बघ! घसा बसला ना? बाईंची लागली शेवटी तुला पण! रडतेस काय वेडे… येताना नवीनभाईंकडून एक गोळी घे. साधी सर्दीच तर आहे!"