सातव्या अभंगानंतरचे पाणी

वडिलांच्या भजनाच्या वहीचा अभिमान मला एकदा रेवदंड्याच्या पाद्रीबाबांपुढे चांगलाच भोवला. झाले असे, की त्यांनी वाचायला दिलेली शुभवर्तमाने, म्हणजे येशूची चरित्रे, परत करताना मी विचारले, "लेखक निराळे, मग तिघांत वाक्येच्या वाक्ये तीच कशी?"

"एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिले असावे, असे पंडित म्हणतात. दोघांत तर वाचकाला सावध करणारी तीच सूचना नेमकी त्याच जागी येते. मूळ कोणाचे, हाच वाद."

"आमचाबी त्योच वाद हाय," सोबत आलेले थळच्या भजनी मंडळीचे दामूबुवा म्हणाले. आमच्या आणि त्यांच्या वहीत अभंग तेच. चौलच्या उत्सवात पहिले भजन मूळ वही ज्यांची, त्या मंडळीचे. आणि आम्ही दोघेही आपलीच वही मूळ मानत होतो.

पाद्रीबाबांनी दोन्ही वह्या मागवून शेजारी ठेवल्या. "दोन्हींत सातव्या अभंगानंतर 'येथे पाणी प्यावे' असे आहे. ते का?"

"ती आमची परंपरा," मी गंभीरपणे म्हणालो. "वडिलांपासून सारी मंडळी तेथे थांबून पाणी पितात."

दामूबुवांना हसू आवरेना. "अवो नाना, माझ्या आज्याला दमा व्हता. त्यानं सोतापुरतं लिवलंय ते."

मी वही मिटली.

त्या उत्सवात पहिले भजन थळकरांचे झाले. सातवा अभंग संपला आणि ते न थांबता आठव्याकडे वळले. समोर बसलेल्या आमच्या मंडळींनी मात्र शिस्तीने तांबे उचलले, मीही उचलला.