चेहरा करण्याआधी

पालघरच्या एस.टी. स्टँडवर, सलूनला लागून असलेल्या बाकावर मैनाबाई मांडीवर डबा घेऊन मनोरच्या गाडीची वाट बघत होत्या. शेजारी सलूनात नंबर लावून दोन तरुण बसले होते.

"खंडेराव, काय अवतार केलाय. दाढी वाढलेली, केस कोरडे."

"कारागीर म्हणाला, क्रीम चोळून चेहऱ्याला वाफ द्यायची तर आधी आठवडाभर वस्तरा लावायचा नाय. साबण नाय, तेल नाय, नुसतं पाणी."

"डोक्याला पण तेल नाय?"

"ते कपाळावर उतरतं म्हणे. पण देवू, आता लग्न होतंय की नाय, तेच कळत नाय."

"का रं?"

"परवा मनोरच्या बाजारात उषाचे वडील समोर आले. मी हात जोडले, तर लांबूनच मान खाली घालून निघाले. लग्नाची हळद घेत होते, तीपण दुकानदाराला परत केली."

"तू आवडला नसशील."

"मग हा चेहरा कोणासाठी करू?"

मैनाबाई वळल्या. "मनोरचा खंडेराव का तू? मी उषाची मावशी, सालवडची. घरी सगळी बरी आहेत ना?"

"बरी आहेत की. आई लग्नाचे पापड लाटतेय."

मैनाबाईंनी डबा उघडून त्याच्या हातात दिला.

"मग हे पिठलं-भाकरी तुम्ही दोघं इथंच खा. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून करून आणलं होतं."

"कोण गेलं, मावशी?" देवूनं विचारलं.

"ते याच्या दाढीला विचार."